बरगडी मोडली तरी थांबू नका

मागच्या अंकात मी हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट यांतला फरक लिहिला होता. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छातीत कळ येतेय असं स्वतः सांगतो. अरेस्टमध्ये हृदयाचं रक्त ढकलण्याचं कामच बंद पडतं. माणूस काही सेकंदांत कोसळतो आणि कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं. सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि जमत असेल तर तोंडाने श्वास देणं, हा उपाय दुसऱ्यावरचा. त्या लेखावर पत्रांचा ढीग आला. मी अतिदक्षता विभागात परिचारिका होते, आता निवृत्तीनंतर लोकांना पुतळ्यावर छाती दाबायला शिकवते. त्यामुळे यातले बरेचसे प्रश्न मला तोंडपाठ आहेत. काही मात्र विचार करायला लावणारे निघाले.

सिस्टर, ऑफिसात आमचे एक सहकारी बोलता बोलता कोसळले. मी प्रशिक्षण घेतलेलं होतं, म्हणून छाती दाबायला लागलो. थोड्याच वेळात काड्‌कन आवाज आला आणि मी दचकून हात काढले. दुसरी सहकारी अंगावर ओरडली तेव्हा पुन्हा सुरुवात केली. ते वाचले. पण बरगड्या मोडल्यात, आणि त्यांच्या घरचे मला ऐकवतात की जरा बेताने दाबायला हवं होतं. माझं चुकलं का? — एक वाचक, वय ३१

बरगडी मोडली यात तुमचं काहीही चुकलं नाही. हात काढलेत तेवढं चुकलं. ओरडणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

बेताने दाबून रक्त पुढे सरकत नाही. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर खाली जायला हवी, ६ च्या पलीकडे नको. घरात पट्टी असेल तर ५ सेंटीमीटर बोटाने मोजून बघा, डोळे विस्फारतील. वर्गात पहिल्यांदा दाबणारे धडधाकट लोकसुद्धा निम्म्यावरच थांबतात. पुतळ्याला दुखेल अशी धास्ती वाटते की काय कोण जाणे! तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. ताकद दंडातून काढायची नाही, कंबरेतून पुढे झुकून अंगाचा भार टाकायचा. वेग मिनिटाला १०० ते १२०. आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती फुलते तेव्हाच हृदयात रक्त परत भरतं. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, मग दाबायला आत रक्तच उरत नाही.

तुम्ही हात काढलेत त्याबद्दल मी एवढी का बोलतेय ते सांगते. हातपंप आठवा. पहिले काही हिसके कोरडेच जातात, मग पाणी चढतं, आणि हात थांबला की पाणी खाली उतरतं. पुन्हा पहिल्यापासून हापसावं लागतं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधला दाब तसाच हळूहळू चढतो आणि थांबलात की झरकन पडतो. म्हणून आम्ही दवाखान्यातसुद्धा कुठल्याही कारणाने थांबायचं झालं तर १० सेकंदांच्या आत पुन्हा हात छातीवर, असा दंडक पाळतो. अगदी उत्तम सीपीआरमध्येही नेहमीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकंच रक्त फिरतं. त्यातलं सांडायला आपल्याकडे काही नसतं.

आता बरगड्यांचं. नीट दाबलं तर पुष्कळ जणांच्या मोडतात, वय जास्त असेल तर आणखी सहज. कधी नुसती कूर्चा निसटल्याचाच आवाज येतो. आवाज आला तर हात मधोमध आहेत ना एवढं बघायचं आणि दाबत राहायचं. बरगडी साधारण सहा आठवड्यांत जुळून येते. खोकताना कळ येते, हसताना येते, कुशीवर वळताना जीव नकोसा होतो. हे सगळं जिवंत माणसालाच होतं, हे त्या घरच्यांना माझं नाव घेऊन सांगा. मेंदूला चार-पाच मिनिटं रक्त मिळालं नाही तर जे नुकसान सुरू होतं, ते जुळून येत नाही.

वडील टीव्ही बघताना खुर्चीतून खाली पडले. हाक मारली तर उत्तर नाही, पण मधूनमधून मोठा श्वास घेत होते, घोरल्यासारखा आवाज येत होता. श्वास चालू आहे म्हणून आम्ही तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले आणि रुग्णवाहिकेची वाट पाहिली. नंतर डॉक्टर म्हणाले, ते आचके होते, हृदय तेव्हाच थांबलेलं होतं. तेव्हापासून मला रात्र रात्र झोप नाही. — एक मुलगी

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही पाहिलंत ते फार फसवं दृश्य असतं. हृदय थांबल्यावर मेंदूच्या तळाशी जो भाग श्वासाची सूत्रं हलवतो, तो काही काळ तग धरतो आणि अधूनमधून हुकूम सोडत राहतो. तोंड उघडतं, जबडा हलतो, घशातून घरघर येते, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. पहिल्या काही मिनिटांत हे पुष्कळ जणांत दिसतं. कधी कोसळताक्षणी हातपाय झटकतात, तेव्हा लोकांना फीट वाटते. बघणाऱ्याला जिवंतपणाचीच खूण वाटते यात, आणि ज्याला कोणी कधी सांगितलेलंच नाही त्याने ती ओळखावी कशी?

म्हणून इतर वाचकांसाठी: दोनच गोष्टी बघायच्या. खांदे हलवून मोठ्याने हाक मारली तर प्रतिसाद देतो का? श्वास रोजच्यासारखा, संथ, एका लयीत आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर फोन स्पीकरवर टाकून रुग्णवाहिका बोलवा आणि छाती दाबायला लागा. नाडी चाचपत बसू नका. स्वतःचे हात थरथरत असताना स्वतःच्याच बोटातले ठोके त्याचे वाटतात. मुरलेल्या लोकांचीही यात फसगत होते, म्हणून त्यांनासुद्धा १० सेकंदांहून जास्त वेळ घालवू देत नाहीत. आणि समजा हृदय चालू असलेल्या माणसाची छाती तुम्ही दाबलीत, तर तो कण्हेल, हात झटकेल. तेव्हा थांबा. त्यात गंभीर इजा क्वचितच होते.

तुम्हाला मी खोटा दिलासा देणार नाही, पण जे खरं आहे त्यातही दिलासा आहे. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी बरे होऊन घरी जाणारे दहांत एकाच्या आसपास असतात, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. लगेच छाती दाबली तर शक्यता दुपटी-तिपटीने वाढते, तरीही बहुतेक जण हाती लागत नाहीत. सगळं बिनचूक करून, सगळी यंत्रं हाताशी असून आम्ही कित्येकांना गमावलंय. तुम्ही वडिलांजवळ होतात, मदत बोलावलीत, त्यांना एकटं सोडलं नाहीत. झोप अजूनही येत नसेल तर समुपदेशकाशी किंवा तुमच्या डॉक्टरांशी बोला. हे मी औपचारिकपणे लिहीत नाहीये. अशा प्रसंगानंतर अनुभवी परिचारिकांनाही त्याची गरज पडते.

एकटं असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहायचं, त्याने हृदय चालू राहतं, असा मेसेज आमच्या गटात दर महिन्याला येतो. खरं आहे का?

नाही. मूळ असं की अँजिओग्राफीच्या टेबलावर, ईसीजी समोर दिसत असताना, ठोका अचानक बिघडला तर डॉक्टर शुद्धीवरच्या रुग्णाला काही सेकंद खोकायला सांगतात, तेवढ्यात बाकीची तयारी होते. घरी एकट्याने ते करण्यात अर्थ नाही. अटॅकमध्ये हृदय चालूच असतं, आणि अरेस्टमध्ये माणूस खोकायला शुद्धीवर राहत नाही. छातीत दुखायला लागलं तर फोन करा, दाराची कडी काढून ठेवा, बसून राहा, स्वतः गाडी चालवत निघू नका. मेसेज पाठवणाऱ्याला हे उत्तर पाठवा. पुढच्या महिन्यात तो मेसेज पुन्हा येईल, त्याला माझा इलाज नाही.

तोंडाला तोंड लावून श्वास दिलाच पाहिजे का? कुणी म्हणतं हो, कुणी म्हणतं त्याची गरज उरलेली नाही. नक्की काय? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी

दोघंही बरोबर आहेत, प्रसंग वेगळे आहेत. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि हा भाग मला आवडतो, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

तोंडाने दिलेला श्वास माणसाला पुरतो, हे जेम्स एलम आणि पीटर साफार या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. साफार भूलतज्ज्ञ. त्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या लोकांना औषधाने निपचित करून, त्यांचा स्वतःचा श्वास बंद करून हे प्रयोग केले. आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही! छाती दाबण्याचं तंत्र आलं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून, आणि तेही एका विद्युत अभियंत्यामुळे. विल्यम कौवेनहोवन हृदयाला विजेचा शॉक देण्याच्या यंत्रावर काम करत होते. त्यांच्या गाय निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आलं की प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबून धरल्या की वीज न सोडताच रक्तदाब जरा वर जातो. त्या एवढ्याशा निरीक्षणावरून, शल्यचिकित्सक जेम्स जूड यांच्यासह, १९६० साली तिघांनी निबंध छापला. त्यात एक वाक्य आहे: आता कोणीही, कुठेही, हृदय चालू करण्याचे उपाय सुरू करू शकतो, लागतात फक्त दोन हात. त्याआधी अरेस्ट झाला की छाती चिरून हृदय हातात धरून दाबायचे.

पुढे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि सीपीआर तयार झालं. त्याच सुमारास साफार वगैरेंच्या सांगण्यावरून नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी सरावासाठी पुतळा तयार केला. वर्गात तुम्ही ज्याच्यावर वाकता तो तोच, किंवा त्याचा वंशज.

आता तुमचं उत्तर. धट्टाकट्टा मोठा माणूस डोळ्यांदेखत अचानक कोसळला तर त्याच्या रक्तात आणि फुप्फुसांत पहिल्या काही मिनिटांपुरता प्राणवायू असतो. अडतं ते रक्त फिरण्यावाचून. तिथे नुसती छाती दाबली तरी चालतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सामान्य लोकांना तसं स्पष्टच सांगितलं, आणि २०१० मध्ये क्रमही बदलला: आधी छाती, मग श्वासमार्ग आणि श्वास. बुडालेला, गळफास लागलेला, घशात काही अडकलेला माणूस आणि लहान मुलं यांच्यात आधी प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबतं. तिथे नुसतं दाबून प्राणवायू नसलेलंच रक्त फिरवत राहाल. श्वास द्यायलाच हवेत, बुडालेल्याला तर सुरुवात श्वासानेच करायची. प्रमाण ३० वेळा दाबणं, मग २ श्वास. प्रत्येक श्वास एक सेकंदाचा, छाती किंचित वर आलेली दिसेल इतकाच. फुंकर मारून फुगवायला जाऊ नका, हवा पोटात जाते आणि उलटी होते. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, हे विसरलात तर हवा आत जाणारच नाही. तान्ह्या बाळाच्या छातीभोवती दोन्ही पंजे धरून दोन अंगठ्यांनी सुमारे ४ सेंटीमीटर दाबायचं, आणि श्वास देताना त्याचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं.

अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला मन धजत नसेल तर त्यात लाजायचं काही नाही. नुसती छाती दाबा. बघत उभं राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

विमानतळावर भिंतीवर एईडी नावाची, हृदयाला विजेचा शॉक देणारी पेटी दिसते. मी ती उघडली आणि चुकून चांगल्या माणसाला शॉक दिला तर?

देताच येणार नाही. पेटी उघडून बटण दाबलं की ती बोलायला लागते आणि तुम्ही ती सांगेल ते करायचं. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या कुशीला काखेच्या खाली, दोन्ही उघड्या, कोरड्या कातडीवर. छाती ओली असेल तर पुसा, औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढा, पेसमेकरचा उंचवटा दिसला तर त्यावर पॅड लावू नका. यंत्र स्वतः हृदयाची लय तपासतं आणि शॉकने सुधारेल अशी लय असेल तरच शॉक होऊ देतं. "दूर व्हा" म्हटल्यावर सगळ्यांचे हात बाजूला आहेत ना बघा, बटण दाबा, आणि लगेच पुन्हा छातीवर. नंतर काय होतंय ते बघत बसण्यात लोक मौल्यवान वेळ घालवतात.

पडद्यावर रेघ सरळ झाली की डॉक्टर धावत येऊन शॉक देतात हे तुम्ही मालिकांत पाहिलं असेल. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. शॉक लागतो तो हृदय बंद पडलेलं पण आतून वेडंवाकडं थरथरत असताना, ती थरथर एका झटक्यात थांबवायला, म्हणजे हृदयाची स्वतःची लय परत येऊ शकते. ती थरथर फार वेळ टिकत नाही. शॉक आणि सीपीआर दोन्ही नसतील तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून पेट्या भिंतीवर लावतात, कुलपात ठेवत नाहीत. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र रुग्णवाहिकेत बसवलं, तेव्हा त्याचं वजन ७० किलोच्या आसपास होतं. आता ते एका हाताने उचलता येतं.

रस्त्यात एखादी बाई कोसळली तर पुरुषाने तिच्या छातीला हात लावावा का? लोक काय म्हणतील?

लावावा, लगेच. दाबायची जागा दोन्ही स्तनांच्या मधलं हाड आहे, आणि छाती कपड्यांवरूनही दाबता येते. एईडी लावायचा झाला तर मात्र कातडी उघडी करावी लागते. अंतर्वस्त्र सरकवून पॅड नीट बसत असेल तर तेवढंच करा. आसपासच्या लोकांना पाठ करून कडं करायला सांगा, ओढणी-चादर काही धरायला लावा. लोकांच्या बोलण्याला घाबरून सार्वजनिक जागी बायकांना सीपीआर कमी मिळतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलंय. हे वाचून मला राग येतो, तुम्हालाही यायला हवा.

माझं वय ७९. एक विचारू का? मला हे सगळं नकोच असेल तर?

विचारलंत ते फार बरं केलंत. यावर घराघरांत बोलायला हवं आणि कोणी बोलत नाही.

सीपीआरबद्दलच्या अपेक्षा आपण पडद्यावरून उचलतो. १९९६ मध्ये काही डॉक्टरांनी अमेरिकन मालिकांतले सीपीआरचे प्रसंग मोजले, तर तिथे ७५ टक्के रुग्णांचं हृदय लगेच चालू होत होतं. खऱ्या जगात असं काही नाही, आणि जे वाचतात त्यातले काही मेंदूला इजा घेऊन वाचतात. शरीर आधीच जर्जर झालंय, कर्करोग पसरलाय, अनेक अवयव थकलेत, अशा माणसाचं हृदय थांबतं ते आजाराचं शेवटचं पाऊल म्हणून. तिथे बरगड्या मोडून मरण लांबवणं मला कधीच पटलं नाही. पण नुसतं वय ७९ आहे म्हणून मी तुम्हाला त्या रांगेत बसवणार नाही. रोज चालणारा, स्वतःचं स्वतः करणारा माणूस कोणाच्या तरी समोर कोसळला आणि लगेच छाती दाबली गेली, शॉक मिळाला, तर तो वाचून पुन्हा चालायला लागू शकतो.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांना तुमच्या प्रकृतीबद्दल सरळ विचारा: माझ्या बाबतीत याचा उपयोग कितपत? मग ठरवा, मुलांना समोर बसवून सांगा, आणि जिथे राहता तिथल्या कायद्याप्रमाणे लेखी करून ठेवा. कागद हाताशी ठेवा. तो कपाटात राहिला तर रात्री दोन वाजता आलेली रुग्णवाहिका छाती दाबणारच, आणि त्यांचं बरोबरच असेल.

माझं वजन ४४ किलो, यजमानांचं ९२. ते पलंगावरच कोसळले तर मी काय करू शकणार?

गादीवर दाबलं की गादीच खाली जाते, छाती नाही. म्हणून त्यांना जमिनीवर घ्यायला हवं. उचलायला जाऊ नका, चादरीसकट ओढा, डोक्याकडून खांदे धरून, डोकं आपटणार नाही एवढं बघा. अजिबात जमलं नाही तर पलंगावरच गुडघे टेकून सुरुवात करा. वाट बघण्यात वेळ घालवू नका. जमिनीवर त्यांच्या अगदी जवळ गुडघे टेका. लांब बसलात तर भार तिरका पडतो आणि ४४ किलोमधले निम्मे वाया जातात. सरळ वर आलात तर ४४ किलो पुरतात, माझ्या वर्गातल्या तुमच्याहून बारीक मुलींना मी ५ सेंटीमीटर दाबताना पाहिलंय.

दमाल मात्र लवकर. दोन मिनिटांनंतर कोणाचीही खोली कमी होते आणि दाबणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही, म्हणून दुसरं कोणी असेल तर दर दोन मिनिटांनी बदला. एकट्या असाल तर फोन स्पीकरवर ठेवा. पलीकडचा माणूस आकडे मोजत साथ देतो, त्याचा फार आधार होतो. फोन लावत लावतच दार सताड उघडा आणि शेजाऱ्यांना मोठ्याने हाक मारा, कारण एकदा दाबायला बसलात की दारासाठी उठता येणार नाही.